विचारायचं कुणाला? जालन्याचा विद्यार्थी, विद्यापीठ आणि सल्ल्याचा इतिहास

मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा संस्था मोजतो. विद्यापीठ कधी आलं, महाविद्यालय कधी निघालं, जागा किती वाढल्या. आज एक साधा प्रश्न घेऊन या इतिहासाकडे पाहू. कोणता विषय घ्यायचा, तो झेपला नाही तर काय करायचं, पुढं त्याचा उपयोग काय, हे विद्यार्थ्यानं विचारायचं कुणाला? उदाहरण जालना जिल्ह्याचं घेऊ.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि महाविद्यालयांनी शिकवायचं, अशी ती वाटणी होती. विद्यार्थी विद्यापीठाला ओळखीचा होता तो बैठक क्रमांकापुरता. 1924 मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या उत्तरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं या वाटणीवर बोट ठेवलं. शिकवणं आणि परीक्षा घेणं यांची अशी फारकत त्यांना मान्य नव्हती. ज्यानं शिकवलं त्याच्याच हाती परीक्षाही असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. सल्ल्याचा प्रश्न इथंच येऊन मिळतो. ज्यानं वर्षभर विद्यार्थ्याला पाहिलंय, तोच त्याला काही सांगू शकतो.

जालना मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, स्थापना 1918, शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलासमोर विषयाच्या आधी भाषा उभी राहायची. आणि सल्ला? तो ओळखीतून मिळायचा. ज्याच्या नात्यात कुणी वकील किंवा मास्तर असेल त्याला वाट दिसायची, बाकीच्यांना नाही. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ गायल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. दार एकीकडे बंद झालं तर दुसरीकडे कोणतं उघडं आहे, हे सांगणारं माणूस किती मोलाचं असतं, ते या प्रसंगात दिसतं.

1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केलं. त्याचं नाव पुढं ‘मिलिंद’ झालं आणि परिसराचं ‘नागसेनवन’. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन त्याला उत्तरं देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी संस्थेला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं, हे आपण लक्षात ठेवू. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं अशी मुलं तिथं आली. वसतिगृह आणि वर्ग एकाच आवारात असल्यामुळं विचारायला माणूस जवळ होता.

1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्याच सुमारास जालन्यातही महाविद्यालय आलं. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पुढं अंबड, भोकरदन, परतूर अशा तालुक्यांच्या गावीही पदवीचे वर्ग भरू लागले. मुलींसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण प्रवेश जवळ आला तसा सल्ला जवळ आला का? 1964–66 च्या कोठारी आयोगानं दर हजार विद्यार्थ्यांमागं निदान एक समुपदेशक असावा असं सुचवलं होतं. आपल्याकडे वर्ग वाढले, तुकड्या वाढल्या, ते पद मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं.

तोवर हे निभावलं, कारण निवडी थोड्या होत्या. कला, वाणिज्य, विज्ञान, एवढ्यावर भागायचं. आता राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, श्रेयांक अशी सगळी मांडणी बदलली आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. श्रेयांक बँकेत जमा होतात. कागदावर हे स्वातंत्र्य आहे. पण जाफराबाद किंवा मंठ्याकडून एसटीनं येणारी मुलगी गौण विषय निवडते तो कशावरून? मैत्रिणीनं घेतला म्हणून, किंवा अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्यानं यादीतला पहिला टिपला म्हणून. मग तीन वर्षांनी बी.एड. करायचं ठरतं, तेव्हा कळतं की अध्यापनाचा विषय पदवीला शिकलेला असावा लागतो. यात मुलीची चूक नाही. तिला वेळेवर कुणी सांगितलंच नाही.

असा प्रसंग जगात पहिल्यांदा येत नाहीये. अमेरिकेत हार्वर्डला चार्ल्स एलियट यांच्या काळात, म्हणजे 1869 ते 1909 मध्ये, ऐच्छिक विषय सर्रास झाले. तेव्हा नवख्या विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक सल्लागार नेमावे लागले. निवड दिली की सल्लागार द्यावाच लागतो.

आपल्याकडे ‘मेंटर-मेंटी’ची नोंदवही असते. नॅकची समिती येणार म्हटलं की ती भरली जाते. खरी अडचण मात्र पैशाची आणि वेळेची आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मानधन मिळतं ते शिकवलेल्या तासाचं. विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलला, तर तो अर्धा तास कोणत्याच बिलात बसत नाही. मग त्यानं तरी किती वेळ द्यायचा?

म्हणून आपली मागणी तीन साध्या गोष्टींची असावी. सल्ल्याचा तास वेळापत्रकात छापला जावा आणि त्याचं मानधन मिळावं. विषय निवडण्याआधी, म्हणजे प्रवेशाच्याच आठवड्यात, प्रत्येक विद्यार्थ्याशी एकदा बोलणं व्हावं. आणि कोणत्या विषयानं पुढं कोणती वाट उघडते व कोणती बंद होते, हे मराठीत एका पानावर लिहून त्याच्या हाती द्यावं.

मागच्या पिढीला कॉलेज गावाजवळ हवं होतं. ते मिळवायला कितीतरी वर्षं गेली. आताच्या पिढीला त्याच कॉलेजात विचारायला एक माणूस हवं आहे. त्याला तेवढीच वर्षं लागू नयेत.