कापलेले वेढे: लॉस एंजेलिसच्या लोरायडर गाड्यांचा पूर्वेतिहास

कारखान्याने बसवलेली स्प्रिंग काढून तिच्या जागी आखूड स्प्रिंग घालायची आणि गाडी दोन-तीन इंच खाली आणायची, हा उद्योग आज जगभरातील हौशी मंडळी घरच्या घरी करतात आणि त्यासाठी लागणाऱ्या स्प्रिंगा बाजारात तयार मिळतात. अशा तयार स्प्रिंगांची बाजारपेठ उभी राहण्यापूर्वी हेच काम अंगणात, करवतीने किंवा गॅसच्या ज्योतीने केले जात असे, आणि त्याचा सर्वांत समृद्ध इतिहास दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन समाजाच्या, विशेषतः स्वतःला चिकानो म्हणवणाऱ्या पिढ्यांच्या, नावावर जमा आहे. जमिनीलगत आणलेल्या आणि मुद्दाम संथ चालवल्या जाणाऱ्या त्यांच्या गाड्यांना लोरायडर म्हणतात. ती गाडी चालवणाऱ्यालाही हेच नाव आहे.

या गाड्यांचा इतिहास समजण्यासाठी त्यांच्या पोटाखाली पाहावे लागते. घोडागाड्यांच्या काळापासून वाहनाचे वजन पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांवर, तोलले जाई. लंडनच्या ओबाडाया इलियट याने 1804 मध्ये दोन कमानी समोरासमोर जोडलेल्या लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले, तेव्हापासून बग्गीला जड दांड्यांच्या सांगाड्याची गरज उरली नाही. मोटारगाड्यांनीही हीच व्यवस्था उचलली. पुढे रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याच्या अभ्यासाचा आधार घेऊन जनरल मोटर्सने 1934 च्या गाड्यांमध्ये पुढच्या दोन चाकांना परस्परांपासून मोकळे केले, आणि कॅडिलॅकसारख्या गाड्यांत प्रत्येक चाकामागे वेढ्यांची गोल स्प्रिंग बसवली. ऑलीचा उद्देश प्रवाशांचे हेलकावे कमी करण्याचा होता. आपल्या स्प्रिंगेमुळे गाडीची उंची ही मालकाच्या हातातील गोष्ट होईल, असा विचार त्याच्या मनात आला असण्याचे काही कारण नव्हते. 1940 च्या दशकातील शेव्हरोले गाड्यांत पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे अशी मिश्र रचना असे, आणि याच गाड्या जुन्या होऊन स्वस्त दरात कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचल्या.

गाडी खाली आणण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती भरणे. त्याने मागची बाजू बसे, पण इंजिनाला फुकटचे ओझे ओढावे लागे आणि डिकी निकामी होई, म्हणून कायमचा उपाय शोधणे आले. मागच्या बाजूला पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळले की काम भागे. पुढच्या स्प्रिंगेला मात्र हात घालणे हे जोखमीचे होते, कारण ती चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मवर गाडीचे शेकडो किलो वजन पेलत दबून बसलेली असते. आर्मखाली जॅक लावून, स्प्रिंगेला साखळीने बांधून, तिच्यातील ताण हळूहळू सोडला नाही तर ती गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखी बाहेर येते. बाहेर काढलेल्या स्प्रिंगेचा अर्धा किंवा एक वेढा कापून ती परत बसवली जाई. स्प्रिंग आर्मच्या टोकाला नसून मध्यावर टेकलेली असल्यामुळे तिची लांबी जितकी घटे, त्याच्या सुमारे दुप्पट गाडी खाली येई.

या कापाकापीचा एक परिणाम गणिताने सांगता येतो. गोल स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे आठ वेढ्यांतील एक कापला तर स्प्रिंग आखूड होण्याबरोबरच सुमारे 14 टक्के अधिक ताठ होते. खाली आलेल्या गाडीला खड्ड्यात दबायला जागा कमी उरते, तेव्हा हा वाढीव ताठपणा एका अर्थी पथ्यावरच पडतो. स्प्रिंग गाडीवरून न काढता तिच्या वेढ्यांना गॅसच्या ज्योतीने तापवण्याची दुसरी रीत याहून सोपी आणि याहून वाईट होती, कारण तापलेला वेढा वजनाखाली बसतो खरा, पण लोहाराच्या भाषेत सांगायचे तर पोलादाचे पाणी उतरते आणि मग ती स्प्रिंग केव्हा आणखी बसेल किंवा तुटेल याचा भरवसा राहत नाही.

एवढे कष्ट घेऊन गाडी खाली का आणायची, याचे उत्तर तंत्रात सापडत नाही. त्याच काळात त्याच प्रदेशात हॉट रॉड नावाचा दुसरा पंथ वेगासाठी जुन्या गाड्यांची इंजिने फुगवत होता, तर चिकानो तरुणांनी वेगाकडे पाठ फिरवून ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खाली आणि अलवार, हे आपले ब्रीद केले. मेक्सिकोतील गावांच्या चौकात संध्याकाळी नटूनथटून फेऱ्या मारण्याची पासेओ नावाची जुनी चाल आहे, आणि काही अभ्यासक लोरायडरांच्या संथ फेरीचा संबंध तिच्याशी जोडतात. हा संबंध पटण्यासारखा असला तरी अपुरा आहे. जून 1943 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर अमेरिकी नौसैनिकांनी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना त्यांच्या ढगळ झूट सूटवरून ओळखून मारले आणि त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले. ज्या शहरात दिसणे हाच गुन्हा ठरला होता, तेथे रस्ता अडेल इतक्या हळू, सर्वांनी पाहावे अशा थाटात जाणे, हा पोशाखाचाच पुढचा अध्याय मानला पाहिजे.

शासनानेही ते तसेच वाचले असावे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत 1958 पासून लागू झालेल्या कलम 24008 नुसार, मूळ रचनेत बदल केलेल्या प्रवासी गाडीचा चाके सोडून कोणताही भाग चाकाच्या रिमच्या, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या कड्याच्या, सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली असणे बेकायदा ठरले. कलमामागे सुरक्षिततेचे कारण देता येण्यासारखे होते, कारण टायर फुटला तरी गाडीचे पोट रस्त्याला घासू नये, हे त्या मोजमापातून साधते. पण प्रत्यक्षात पोलिसाच्या हाती गाडी थांबवण्याचे एक सोयीचे निमित्त आले. कापलेली स्प्रिंग पुन्हा वाढवता येत नाही, त्यामुळे अंगणात केलेले काम आता मालकाच्या विरोधात कायमचा पुरावा होऊन बसले.

येथे या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. कायद्याने उंची मोजली होती, आणि मोजणीच्या क्षणी ती बदलता आली तर कायद्याला धरायला काही उरत नव्हते. सॅन बर्नार्डिनो परिसरातील रॉन अगिरे या तरुणाने पोलिसांच्या चलनांना कंटाळून, वडिलांच्या मदतीने, 1959 च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेट गाडीत विमानांच्या भंगारातून मिळवलेले हायड्रॉलिक भाग बसवले. हायड्रॉलिक यंत्रणेत पंपाने दाबलेले तेल नळकांड्यातील दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या वजन उचलतो. ‘एक्स-सॉनिक’ नावाने गाजलेली ही गाडी बटण दाबताच रस्त्यावर टेके आणि पोलीस दिसताच कायदेशीर उंचीवर येई. महायुद्धातील विमानांचे पंप आणि दट्टे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भंगार बाजारात त्या काळी पडून होते, कारण हा प्रदेशच विमान उद्योगाचा होता; पुढे ट्रकच्या मागचा फळा उचलणारे विजेवरचे पंप या कामी येऊ लागले आणि डिकीत वाळूच्या पोत्यांऐवजी बॅटऱ्यांची रांग आली. प्रचलित मांडणीत दट्ट्या स्प्रिंगेच्या डोक्यावर बसवला जातो, म्हणजे स्प्रिंग हद्दपार झाली नाही आणि तिला कापण्याची कलाही कालबाह्य ठरली नाही, कारण दट्ट्याला जागा करून द्यायची तर स्प्रिंगेचे वेढे कमी करावेच लागतात.

या यंत्रणेला सर्वांत मानवलेली गाडी म्हणजे शेव्हरोले इम्पाला. 1958 ते 1964 या वर्षांच्या इम्पालाची चौकट कडेच्या तुळयांऐवजी फुलीच्या आकाराची होती आणि तिच्या मागच्या चाकांनाही पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा होत्या, त्यामुळे चारही कोपऱ्यांत दट्टे बसवणे सोपे जाई. इंपीरियल्स या लोरायडर क्लबचे हेसूस ऊर्फ जेसी वालादेस यांची गुलाबांच्या चित्रांनी मढवलेली 1964 ची इम्पाला ‘जिप्सी रोझ’ या नावाने 1970 च्या दशकात दूरचित्रवाणीवर झळकली आणि 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर राष्ट्रीय वारसा म्हणून मांडली गेली. न्यू मेक्सिकोतील चिमायो गावची 1969 ची फोर्ड एलटीडी तर त्याआधीच स्मिथसोनियनच्या संग्रहात दाखल झाली होती.

संग्रहालयाने आदर केला तरी रस्त्याने केला नव्हता. पूर्व लॉस एंजेलिसचा व्हिटियर बुलेव्हार्ड हा लोरायडरांच्या फेऱ्यांचा मुख्य रस्ता; 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चिकानो मोर्चाच्या दिवशी पत्रकार रुबेन सालासार याच रस्त्यावरील एका बारमध्ये पोलिसी अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. पुढच्या काळात अनेक शहरांनी रस्त्यावर फेऱ्या मारण्यावरच बंदी घातली. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने ती 1992 मध्ये घातली आणि 2023 मध्ये उठवली. त्याच वर्षी संमत झालेल्या राज्य कायद्याने अशा स्थानिक बंद्यांचा आधार काढून घेतला आणि कलम 24008 ही रद्द केले. 1 जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियात गाडीचे पोट रिमच्या खाली असणे हा त्या कलमाखालील गुन्हा राहिला नाही. गाडीला वर उचलण्याचे कायदेशीर कारण संपले, पण रविवारी संध्याकाळी फेरीला निघणाऱ्या इम्पालांच्या डिकीत बॅटऱ्या अजून आहेत.