न दुखणाऱ्या अक्कलदाढेची गोष्ट

श्रोते हो, ‘अक्कलदाढ’ हा शब्द मला फार आवडतो. त्यातली अक्कल अरबी ‘अक्ल’वरून, फारसीच्या वाटेनं मराठीत आली. दाढ मात्र संस्कृत ‘दंष्ट्रा’ची. प्राकृतात ती ‘दाढा’ झाली आणि तिथून आपल्याकडे आली. दोन दूरच्या मुलखांतले शब्द एका हिरडीत असे रुजले आहेत की सांधा कुठं ते दिसत नाही. नावामागची कल्पनाही अशीच फिरस्ती. ग्रीकांनी या दाढेचा संबंध समजूतदारपणाशी जोडला, अरबी वैद्यांनी तो आपल्या भाषेत आणला आणि अरबीतून तो लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर झाला. साधारण सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे पोराला आता जरा समज आली असं घरचे म्हणू लागतात त्या सुमारास ही दाढ उगवते. नावाला आधार एवढाच.

दाढ ठणकू लागली, गाल सुजला, तोंड उघडेना, तर काय करायचं हे सांगायला फारशी अक्कल लागत नाही. माणूस आपल्या पायांनी डॉक्टरकडे जातो. पण दाढ दुखत नाही, खुपत नाही, आणि तरीही कुणी म्हणालं की काढून टाका, तर? हा प्रश्न मला वाटत होता त्याहून बराच नवा निघाला. त्याचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं आहे. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी जुन्या काळाकडं पाहू. सुश्रुतसंहितेत दात आणि हिरड्यांच्या रोगांची तपशीलवार यादी आहे. त्यात ‘अधिमांसक’ नावाचा एक विकार येतो. जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, फार वेदना आणि लाळ गळणं ही त्याची लक्षणं. आजचा कोणताही दंतवैद्य हे वाचून म्हणेल, ही तर अक्कलदाढेवरच्या हिरडीची सूज! त्यावर सुश्रुताचा उपाय असा की वाढलेलं मांस छेदावं आणि औषधी चूर्णं मधात कालवून लावावीत. त्याच ग्रंथात एक सावधगिरीची सूचनाही आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो उपटू नये. रक्तस्राव फार होतो, डोळा जाऊ शकतो, तोंड वाकडं होऊ शकतं. म्हणजे दात काढण्याची किंमत मोजावी लागते, हे आपल्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं आहे की शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात, पण ऐंशी ओलांडलेल्या काही स्त्रियांनाही त्या आल्याचं आणि येताना फार त्रास झाल्याचं पाहण्यात आहे. सुश्रुत काय, ॲरिस्टॉटल काय, दोघांच्या लिखाणात अक्कलदाढ येते ती वेदनेचा हात धरून. जी दुखत नाही तिची नोंद कोण घेणार? हाडात गाडलेली दाढ कुणाला दिसतच नव्हती.

ती दिसू लागली ती क्ष-किरणांमुळं. १८९५च्या नोव्हेंबरात रोंटगेन यांना हे किरण सापडले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचं छायाचित्र घेतलं. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटं स्थिर राहावं लागलं. १९५०च्या आसपास फिनलंडच्या पातेरो यांनी दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारं तंत्र विकसित केलं. आज आपण ज्याला ‘ओपीजी’ म्हणतो ते हेच.

पण नुसतं दिसून भागत नाही. काढायची हिंमतही हवी. ती तीन गोष्टींनी दिली. १८४४मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स यांनी हसवणारा वायू घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली आणि दात बिनवेदना काढता येतो हे दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं, १९४०च्या दशकात लिडोकेन आलं आणि जबडा बधिर करणं सोपं झालं. त्याच दशकात पेनिसिलीन आलं आणि जखम चिघळण्याची भीती कमी झाली.

आपल्याकडे हे ज्ञान शिकवणाऱ्या संस्थाही याच काळातल्या. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ सालचं. १९४८मध्ये दंतवैद्यक कायदा झाला. त्यानं पदवी नसलेल्या, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांसाठी नोंदवहीचा वेगळा भाग ठेवला. तोवर गावोगाव दात काढणारे जे होते, त्यांच्याकडे कुणी न दुखणारा दात घेऊन जात नसे.

आता कुणी विचारील, देवानं बत्तीस दात दिले, तर शेवटच्या चारांना जागा का पुरत नाही? आमच्या चारकोपचं उदाहरण देतो. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं इथं लहान लहान भूखंड आखले. जागा ठरलेली, त्यात ज्यानं त्यानं घर बांधायचं. पुढं सून आली, नातवंडं झाली, तेव्हा लोकांनी वर मजला चढवला. जबड्याला मजला चढवता येत नाही. माणूस धान्य दळून, शिजवून, मऊ करून खाऊ लागला तसा चावण्याचा व्यायाम कमी झाला आणि वाढत्या वयात जबडा पुरेसा भरेना, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दातांवरून आहाराचा माग काढता येतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे दात लुकाच आणि वाळिंबे यांनी याच दृष्टीनं तपासले. आज जगात साधारण पाचातल्या एकाची निदान एक अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, असं आपण म्हणतो. इथं चणे मऊ झाले आणि दातांची जागा गेली.

तर अशी ही अडकलेली दाढ एक्स-रेत दिसू लागली, काढणं सोपं झालं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, पुढं दुखेल म्हणून आजच काढा असा रिवाज पडला. १९७९मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांना एकत्र बसवलं. पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढा काढण्याला पुरेसा आधार नाही, असं तेव्हाच सांगितलं गेलं. तरी रिवाज चालू राहिला. २००७मध्ये जे फ्रीडमन या अमेरिकी दंतवैद्यानंच लेख लिहून हिशेब मांडला. त्याच्या अंदाजानं तिथं वर्षाला पन्नास लाख माणसांच्या एक कोटी अक्कलदाढा निघत होत्या. त्यातल्या दोनतृतीयांश तरी विनाकारण होत्या, आणि अकरा हजारांहून अधिक लोकांचा ओठ, जीभ वा गाल कायमचा बधिर होत होता.

ही बधिरता कशामुळं येते, तेही सांगतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना तीच देते. जिभेची नसही अक्कलदाढेच्या आतल्या अंगानं, अगदी जवळून जाते. दाढ काढताना नसेला धक्का लागला तर बधिरपणा येतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, थोड्यांचा राहतो. ज्याचं सगळं आयुष्य जिभेवर चाललंय त्याला हे ऐकून घाम फुटतो. मी कविता म्हणणारा माणूस, मलाही फुटला.

ब्रिटननं मार्च २००० मध्ये उलटं टोक गाठलं. तिथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं सांगितलं की रोग नसलेली अडकलेली दाढ सरकारी खर्चानं काढू नये. कीड, गळू, गाठ किंवा हिरडीची वारंवार सूज असेल तरच काढावी. हजारो लोक शस्त्रक्रियेतून सुटले. पण पुढच्या दशकात असंही दिसलं की काहींची दाढ तिशीनंतर काढावीच लागली, आणि तोवर तिनं शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लावून ठेवली होती. २०२०मध्ये ब्रिटनच्या शल्यवैद्यांनी नवी मार्गदर्शक सूचना काढली. तिचा रोख सरसकट नियमापेक्षा एकेका रुग्णाचा विचार करण्याकडे आहे. त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेनं जगभरचं संशोधन चाळलं आणि निरोगी अडकलेली दाढ काढावी की ठेवावी, याचा निवाडा करण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला.

हा सगळा इतिहास मी हौसेनं वाचला नाही. माझी लेक बावीस वर्षांची. तिच्या ओपीजीत चारही अक्कलदाढा दिसल्या, दुखत एकही नव्हती. एका डॉक्टरांनी चारही एकदम काढा म्हटलं, दुसऱ्यांनी हातही लावू नका म्हटलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, वैद्यकातलं मला काय कळणार? पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. न दुखणारी दाढ आणि निरोगी दाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही डॉक्टर दुखण्याबद्दल बोलत होते. रोग आहे का, हे विचारायचं राहिलं होतं.

ते विचारलं तेव्हा उत्तर दाढेगणिक वेगळं आलं. लेकीची उजवीकडची खालची दाढ अर्धी बाहेर होती आणि पुढच्या दाढेवर रेलली होती. फटीत अन्न अडकत होतं आणि पुढच्या दाढेच्या मागच्या अंगाला कीड धरू लागली होती. दुखणं शून्य, पण रोग सुरू झालेला. नस लांब होती. वय कमी असल्यानं हाड लवकर भरून येण्याची आशा होती. ती म्हणाली, ‘‘अब्बा, तुमच्या दाढेचं तुम्ही बघा, माझ्या दाढेचं मी ठरवते.’’ तिनं तेवढी एकच काढून घेतली, तीन ठेवल्या. आणि माझ्या? माझ्याही खालच्या दोन दाढा हाडात पूर्ण गाडलेल्या निघाल्या, त्याही पन्नाशी उलटल्यावर. त्यांच्याभोवती रोग नाही, मुळं नसेला टेकलेली, आणि या वयात हाड कडक. मी त्या ठेवल्या. पण ठेवणं म्हणजे विसरणं नव्हे. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी आणि लागेल तेव्हा एक्स-रे, ही अट मी मान्य केली आहे.

तेव्हा मंडळी, कुणी न दुखणारी दाढ काढायला सांगितली, किंवा ठेवायला सांगितली, तरी चार प्रश्न जरूर विचारा. दाढ पूर्ण गाडलेली आहे की अर्धी बाहेर? शेजारच्या दाढेला तिच्यामुळं काही होतंय का? नस किती जवळ आहे? आणि नाही काढली, तर पुन्हा केव्हा दाखवायला यायचं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट लिहून घ्या.