लोटा घडवला कोणी, डिझायनर झाला कोण?

दहावीनंतर काय, या प्रश्नाची उत्तरं आपल्या वस्तीत ठरलेली आहेत : सायन्स, आयटीआय, डी.एड., पोलीस भरती, एमपीएससी. प्रॉडक्ट डिझाइन हे नाव त्यात क्वचितच येतं. खुर्ची, मिक्सर, सलाईनचा स्टँड, चप्पल अशा वस्तूंचा आकार, वजन, साहित्य आणि वापर ठरवण्याची ही विद्या. भारतातला तिचा इतिहास आपल्याच पूर्वजांच्या हातांशी जोडलेला आहे.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. अहवालाच्या सुरुवातीलाच गीता आहे : कर्मावर अधिकार, फळावर नाही. आपल्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या तेच भोगलं.

अहवालात मोठं कौतुक आहे ते लोट्याचं. तो कुणा एकाने नव्हे, अनेक पिढ्यांनी घडवला, असं ईम्स म्हणतात. मग ते विचारत जातात : पाणी किती मावावं? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? ओतताना तोल कसा राहील? तोंड केवढं हवं, म्हणजे घासताही येईल? किंमत किती पडेल? प्रश्न उत्तम आहेत, डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे. पण त्या यादीत एक प्रश्न नाही : या लोट्याला हात लावायची मुभा कोणाला होती? शाळकरी भीमरावांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान. १९२७ साली महाडला जावं लागलं ते याच पाण्यासाठी. वस्तूचा वापर कोण करणार, हा डिझाइनचा पहिला धडा मानतात. आपल्या देशात त्याचं उत्तर जातीने आधीच देऊन ठेवलं होतं.

हाताचं काम शाळेत आणायचं म्हटलं की मला मद्रास आठवतं. तिथे १९५३ मध्ये राजाजींनी योजना आणली : मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसायचं, उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी रान उठवलं आणि १९५४ मध्ये कामराज सरकारने ती रद्द केली. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयकडे गाऱ्हाणी मांडताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही मागितल्या. पिढीजात धंद्याचं प्रशिक्षण मागितलं नाही. आज नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे. तिथे आपल्या मुलाच्या हातात फक्त करवत येते की पेन्सिल, मोजपट्टी आणि कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंगही येतं, हे पालकांनी शाळेत जाऊन विचारलं पाहिजे.

कारण पैसा आणि नाव रेखाटणाऱ्याकडे जातं. कोल्हापुरी चप्पल चर्मकारांनी घडवली, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसाच जोड उतरवला, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर घेतलं. रापी आपल्या हातात होती, पण डिझायनर म्हणून सही दुसऱ्याची.

वाट मात्र बंद नाही. आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा द्या. बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे अनेकांना माहीतच नसतं. एनआयडीची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९ पासून आहे आणि तिथल्या बी.डेस.साठी २०१५ पासून यूसीड ही परीक्षा होते. दोन्हीकडे अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. पुढे काम मिळतं ते गाड्या, घरगुती उपकरणं, वैद्यकीय साधनं, फर्निचर, खेळणी, पॅकेजिंग, पादत्राणं अशा कंपन्यांत. स्वतःचा ब्रँडही काढता येतो. फी लाखांत आहे आणि खासगी क्लासवाले त्याहून घाबरवतात. म्हणून शिष्यवृत्तीची कागदपत्रं, विशेषतः जातवैधता, अकरावीतच हाती घ्या. विहारात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालते, तिथे रविवारचे दोन तास ड्रॉइंगला द्यायला काय हरकत आहे?

जय भीम.