वसतिगृहातील इंटरनेट बंद पडल्यास...

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई हे शिक्षणाचे जुने केंद्र. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच गावात आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेतही बीडचा समावेश आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. त्यामुळे अखेरच्या दिवशी वसतिगृहाचे इंटरनेट बंद पडले, तर वर्षावर पाणी पडू शकते. वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता.

वायरद्वारे येणाऱ्या इंटरनेटचे साधारण तीन टप्पे असतात : खोली, इमारत आणि बाहेरची लाइन. दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे आधी ठरवावे. शेजारच्या खोलीत इंटरनेट सुरू असेल, तर दोष बहुधा आपल्याच खोलीत असतो. संपूर्ण मजला बंद असल्यास तेथील स्विच, तर संपूर्ण इमारत बंद असल्यास मुख्य यंत्र किंवा बाहेरची लाइन तपासावी लागते.

खोलीतील तपासणी

केबलचे टोक 'टक्' असा आवाज होईपर्यंत आत बसवावे. सॉकेटजवळचा दिवा लागत नसल्यास मित्राची चालू केबल लावून पाहावी. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० एमबीपीएसला चारही लागतात. म्हणून एखादी तार तुटल्यास इंटरनेट सुरू राहूनही वेग घटू शकतो. स्विचपासून खोलीपर्यंत केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

दिवा लागूनही इंटरनेट मिळत नसल्यास संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. काही वसतिगृहांत संगणकाची आधी नोंदणी करावी लागते. नवा लॅपटॉप त्यामुळेही अडू शकतो.

इमारतीतील दोष

एखाद्याने स्वतःचा राउटर चुकीच्या सॉकेटमध्ये जोडला, तर तो इतरांनाही चुकीचे पत्ते वाटू लागतो. एकाच केबलची दोन्ही टोके एका साध्या स्विचमध्ये खोचली, तरी सारे नेटवर्क कोलमडू शकते. वीज गेल्यानंतर मजल्यावरील स्विच पुन्हा सुरू झाला का, हेही पाहावे.

मुख्य यंत्रावर 'एलओएस' हा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून संकेत येणे थांबले आहे. अशा वेळी खोलीतील केबल बदलून उपयोग नाही. कंपनीकडेच तक्रार करावी. फायबरच्या टोकात डोकावू नये.

तक्रार कशी करावी?

'नेट चालत नाही' एवढेच न सांगता वेळ, खोली क्रमांक, दिव्याची स्थिती, आयपी पत्ता व किती खोल्या बंद आहेत, हे लेखी द्यावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. अर्जाची मुदत जवळ आली असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अथवा सेवा केंद्रातून आधी अर्ज भरावा. दोष नंतरही शोधता येतो.