खानदेशचा उन्हाळा आणि दुचाकीची बॅटरी

जळगाव, भुसावळ आणि धुळे परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणे नवलाचे नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा ठरतो. बहुतेक लिथियम-आयन सेल चार्ज करण्यासाठी उत्पादक ० ते ४५ अंश सेल्सिअस अशी तापमानमर्यादा घालून देतात. पत्र्याच्या शेडमधील हवा भर दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते; नुकत्याच धावून आलेल्या गाडीची बॅटरी तर त्याहूनही तापलेली असू शकते. त्यामुळे येथे गाडी निवडताना किंमत आणि पल्ला यांच्याआधी बॅटरीची सुरक्षितता पाहावयास हवी.

बॅटरी का पेटते?

दुचाकीच्या बॅटरीत अनेक सेल एकत्र जोडलेले असतात. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करावयाचा असतो. तो त्यापुढे चार्ज झाला, आत शॉर्टसर्किट झाले किंवा तो अति तापला, तर आतील रसायनांचे विघटन सुरू होते. त्यातून निर्माण होणारी उष्णता विघटनाचा वेग आणखी वाढविते आणि आग शेजारच्या सेलपर्यंत पोहोचते. हे टाळण्यासाठी बॅटरीत ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम’ अर्थात बीएमएस हे इलेक्ट्रॉनिक मंडल बसविलेले असते. व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि तापमान यांवर लक्ष ठेवून धोक्याच्या वेळी ते पुरवठा तोडते. लिथियम लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल निकेलयुक्त सेलच्या तुलनेत उष्णतेत अधिक स्थिर राहतात. मात्र त्यांनाही बीएमएस आवश्यकच असते.

नियमांची पार्श्वभूमी

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या २० स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला. देशभरातील अशा घटनांनंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले. त्याची अंमलबजावणी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत झाली. एका सेलमधील आग संपूर्ण बॅटरीत पसरते का, याचीही चाचणी त्यात घेतली जाते.

कोणती गाडी घ्यावी?

मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या गाडीला नोंदणी व परवाना लागत नाही. मात्र नोंदणीची सूट म्हणजे तपासणीची सूट नव्हे. अशा मॉडेललाही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकीच एक संस्था. दुकानात ‘विना परवाना’ म्हणून विकली जाणारी गाडी ताशी ४०-५० किलोमीटर धावत असेल, तर ती या सवलतीत बसत नाही. तिची नोंदणी नसते, विमाही नसतो आणि अपघात किंवा आग लागल्यास भरपाईचा मार्ग अवघड होतो. वेगमर्यादा काढून टाकलेल्या किंवा बाहेरून मोठी बॅटरी बसविलेल्या गाडीची मूळ चाचणी निरर्थक ठरते. म्हणून ग्राहकाने मॉडेलचे प्रमाणपत्र, बॅटरीवरील एआयएस-१५६ चा उल्लेख, अनुक्रमांक आणि लेखी वॉरंटी मागून घ्यावी. जुळणी करून विकलेली बॅटरी स्वस्त असली तरी टाळावी.

घरी घ्यावयाची काळजी

गाडी आल्यावर बॅटरी निवेपर्यंत चार्जिंग करू नये. उन्हाळ्यात पहाटेची वेळ उत्तम. कंपनीचाच चार्जर वापरावा. जिन्याखाली, दारात किंवा झोपण्याच्या खोलीत बॅटरी लावू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट बंद होते. फुगलेली, आदळलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी न वापरता सेवा केंद्राकडे न्यावी. तिला भंगारात देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. धूर दिसताच सर्वांना बाहेर काढावे, शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. हा धूर विषारी असतो, तसेच विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून तिच्याजवळ जाऊ नये.