ॲडेनिलिल सायक्लेज

पेशीपटलात रुतलेले एक विकर (एंझाइम). बाहेरून आलेला संदेश पेशीच्या आतल्या भाषेत उतरवणे, हे याचे काम. ॲड्रेनॅलीन हे हॉर्मोन यकृताच्या पेशीत शिरत नाही. पटलावरील ग्राही प्रथिनाला बाहेरूनच चिकटते. ग्राहीमुळे जी-प्रथिन जागे होते आणि ते या विकराला कामाला लावते. विकर मग एटीपीपासून चक्रीय एएमपी तयार करते, आणि पुढची चक्रे हा चिमुकला रेणू फिरवतो. चक्रीय एएमपी अर्ल सदरलँड यांनी शोधला (नोबेल, १९७१). जी-प्रथिनांसाठी गिलमन व रॉडबेल यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले.

विकराची साखळी पटलातून १२ वेळा आरपार जाते. प्रत्यक्ष काम करणारे तिचे दोन भाग मात्र आत, पेशीद्रवात असतात आणि ते नीट जुळले तरच विकर चालते.

ही जुळणी हवी तेव्हा घडवून आणणारा रेणू मुंबईत सापडला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींचे अर्क तपासताना कोलियस फोर्सकोहलीच्या मुळांतून रक्तदाब उतरवणारा पदार्थ मिळाला. गुजरातेत गरमर म्हणून लोणच्यात घालतात, तीच ही मुळे. सुजाता भट, नोएल डिसूझा व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली : फोर्स्कोलिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच मुळांतून काढलेला कोलिओनॉलही पुढे तोच ठरला. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन व डेली यांनी दाखवले, की फोर्स्कोलिन ग्राहीला वगळून थेट विकरालाच चेतवते. तेव्हापासून एखादा परिणाम चक्रीय एएमपीमुळे होतो का, हे पाहायचे तर प्रयोगशाळेत पेशींवर आधी फोर्स्कोलिन टाकतात. ते पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून डीएमएसओमध्ये विरघळवून घेतात. जोडीला विकराला न चेतवणारे डायडीऑक्सी-फोर्स्कोलिन ठेवले, की खरेखोटे कळते. १९९७ मध्ये विकराच्या उत्प्रेरक भागांची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा दोन भागांच्या सांध्यात फोर्स्कोलिनच बसलेले होते. सस्तन प्राण्यांतील पटलस्थ नऊ प्रकारांपैकी नववा त्याला जवळजवळ दाद देत नाही.

हेच विकर थांबेनासे झाले तर काय होते, ते पटकीत दिसते. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवलेले पटकीचे विष जी-प्रथिनाला चालू स्थितीतच अडकवून ठेवते; आतड्याच्या पेशींत चक्रीय एएमपी साचतो, क्लोराइड बाहेर पडते आणि त्यामागे पाणी वाहू लागते.