झिरो बघा, पण नोझल कोण बघणार?

पेट्रोल पंपावर गाडी लावली की पंपावरचा मुलगा न चुकता म्हणतो, "साहेब, झिरो बघा." आपणही इमानेइतबारे झिरो बघतो. मापात पाप नको, एवढीच आपली काळजी. नोझल कुठलं उचललंय हे मात्र सहसा कुणी बघत नाही. आणि मग कधीतरी डिझेलच्या ट्रकमध्ये पेट्रोल पडतं.

असं झालं की सगळे एकच वाक्य बोलतात: "लक्ष कुठं होतं?" गेले काही महिने मी या विषयावर जमेल तसं वाचतोय (घरच्यांच्या मते जरा जास्तच), आणि मला वाटायला लागलंय की हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की ही चूक इतकी सोपी कशी झाली? आणि इतकी महाग कशी झाली? दोन्हींची उत्तरं इतिहासात आहेत.

सुरुवात रुडॉल्फ डिझेलपासून करू. जन्म १८५८, पॅरिसमधला, आईवडील बव्हेरियाचे. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिलं इंजिन उभं राहिलं. कल्पना अशी की ठिणगी लागूच नये. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, मग त्यात इंधन फवारायचं, की ते आपोआप पेटेल. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. आणि गंमत बघा, त्या दिवशी इंजिनात फवारलं होतं ते चक्क पेट्रोल! लवकर पेट घेतं, तेव्हा हेच बरं, असा हिशोब असावा. स्फोट एवढा जोरात झाला की दाब मोजायचं यंत्रच फुटून उडालं. हवा दाबून इंधन पेटतं हे सिद्ध झालं, पण पेट्रोल या कामाचं नाही हेही हळूहळू कळलं. १८९७ मध्ये प्रोफेसर श्र्योटर यांनी ज्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली ते रॉकेलवर चाललं, आणि त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांच्या वर काम करून दाखवलं. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या आसपासही नव्हती.

म्हणजे डिझेल इंजिनात पेट्रोल घालण्याचा पहिला मान खुद्द डिझेलसाहेबांच्या कारखान्याचा.

आता पेट्रोल जास्त भडकतं, मग ते डिझेल इंजिनात चालत का नाही? इथे आपली घरगुती समजूत फसते. ठिणगी दाखवली तर पेट्रोल चटकन पेटतं, पण नुसतं दाबून-तापवून ते लवकर पेटत नाही. डिझेलचं नेमकं उलटं. जळत्या काडीला ते फारशी दाद देत नाही, पण दाबलेल्या गरम हवेत क्षणात पेटतं. पेट्रोलची प्रत ऑक्टेनवर मोजतात, म्हणजे ते आपणहून पेटायला किती कचरतं. डिझेलची सीटेनवर, म्हणजे ते आपणहून पेटायला किती उत्सुक आहे. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

या ऑक्टेनच्या मागे लागूनच पुढचं रामायण घडलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं इंधन आपोआप पेटलं की ठकठक आवाज येतो, ताकद कमी होते. १९२१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला त्यावर औषध सापडलं, टेट्राएथिल लेड. शिशाचं संयुग. १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी असं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते हातावर ओतून, हुंगून दाखवलं, काही होत नाही म्हणून. तो स्वतः आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेने आजारी पडला होता. तरीही हे विष पुढे पन्नास वर्षं जगभर जळत राहिलं.

ते थांबायला सुरुवात झाली ती मुख्यतः धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत ते सर्रास आले, आणि शिशाचं पेट्रोल त्यात घातलं तर ते निकामी होत. म्हणून सरकारने नियम केला की जुलै १९७४ पासून मोठ्या पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल मिळालंच पाहिजे, आणि त्याचं नोझल बारीक हवं, बाहेरून ०.८४ इंचांपेक्षा जास्त नाही. शिशाच्या पेट्रोलचं नोझल जाड, किमान ०.९३ इंच. नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही त्या मापाने अरुंद केलं. चुकीचं नोझल आत जाणारच नाही! लोकांनी काय केलं? शिशाचं पेट्रोल थोडं स्वस्त होतं, म्हणून टाकीचं तोंड ठोकून मोठं केलं, नाहीतर सरळ नरसाळं लावलं. (हे फक्त आपल्याकडेच होतं असं वाटत असेल तर समाधान करून घ्या.)

भारतात बिनशिशाचं पेट्रोल आधी चार महानगरांत, एप्रिल १९९५ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचं झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

आता हे सगळं डिझेलच्या ट्रकला कुठे लागू होतं? तर असं. शिशाचं पेट्रोल गेलं, पण बारीक नोझल राहिलं. डिझेलचं नोझल जाड असेल तर ते पेट्रोल गाडीच्या अरुंद तोंडात शिरत नाही. ती चूक बरीचशी आपोआप टळते. पण पेट्रोलचं बारीक नोझल डिझेलच्या रुंद तोंडात आरामात जातं, आणि ट्रकच्या टाकीचं तोंड तर कुणालाच नाही म्हणत नाही. कुलूप लावलं होतं दुसऱ्याच दारासाठी. डिझेलचं दार उघडंच राहिलं, कारण १९७४ मध्ये तो प्रश्नच कुणासमोर नव्हता.

त्यात रंगांचा घोळ. ब्रिटनमध्ये पंपावरचं हिरवं म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल आणि काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हिरवा दांडा डिझेलचा! तिकडे गेलेल्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं. युरोपात २०१८ पासून आकारांची पद्धत आली, पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन.

बरं, चूक पूर्वीही होत असणारच. मग आत्ताच इतका बोभाटा का? कारण जुनी इंजिनं क्षमाशील होती.

आपल्याकडे ट्रक आधी पेट्रोलवरच चालत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज सुरू झाला आणि डिझेलचं राज्य आलं. इंधन फवारणारे पंप बंगलोरला मायको बनवायची, १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने सुरू झालेली कंपनी. "मायकोचा पंप" हा शब्द जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी आजही ऐकू येतो. त्या लायनीतल्या पंपाचा खालचा भाग इंजिनाच्या ऑईलवर चाले, त्यामुळे इंधन थोडं इकडंतिकडं झालं तरी तो सोसायचा. काही जुन्या जर्मन डिझेल मोटारींच्या पुस्तिकेत तर कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडं पेट्रोल मिसळायची मुभाच होती. १९६० च्या दशकात अमेरिकन लष्कराने अडीच टनी ट्रकला असं इंजिन बसवलं होतं, की युद्धात जे हाताला लागेल ते ओता, डिझेल, रॉकेल, वेळ पडली तर पेट्रोलही.

या क्षमाशीलपणाचा आपल्याकडे गैरफायदाही भरपूर घेतला गेला. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. रॉकेल वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग देत, तरी ते डिझेलमध्ये जायचं ते जायचंच. डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन रॉकेलवरच चाललं होतं, त्यामुळे ट्रक कुरकुरत का होईना चालायचा. चूक आणि चोरी यांतली रेघ तिथे पुसली गेली. त्याची किंमत माणसांनी दिली. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात इंडियन ऑईलचा तरुण अधिकारी मंजुनाथ याला भेसळ पकडली म्हणून गोळ्या घातल्या. आणि २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. ती बातमी आठवली की अजूनही काही सुचत नाही.

मग क्षमाशीलपणा गेला कुठे? तर प्रदूषण कमी करताना गेला, आणि हे चांगल्यासाठीच झालं हेही म्हटलं पाहिजे. बीएस-२ डिझेलमध्ये गंधक दर दहा लाख भागांत ५०० पर्यंत चालायचं. एप्रिल २०२० च्या बीएस-६ मध्ये फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही कमी होतो, तो नंतर वेगळं रसायन घालून परत आणावा लागतो. दुसरीकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉमन रेल आलं. सुरुवातीला साधारण १३५० बारचा दाब, आता दोन हजारांच्या वर. या पंपाला वेगळं ऑईल नाही. डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पेट्रोल गेलं की तो ओशटपणा धुऊन निघतो, धातूवर धातू घासतो, बारीक कीस निघतो आणि तो रेलमधून, इंजेक्टरमधून फिरत परतीच्या नळीने टाकीत येतो. मग एक भाग बदलून भागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाच्या ट्रकचं हेच झालं. मिरजेकडे त्याचा खडी-वाळूचा धंदा आहे. ड्रायव्हर चहाला गेला, पंपावरच्या नव्या मुलाने पस्तीस लिटर पेट्रोल भरलं. चारेक किलोमीटरवर ट्रक खोकायला लागला आणि बंद पडला. ड्रायव्हरने बिचाऱ्याने पाच-सहा वेळा सेल्फ मारून बघितला, म्हणजे उरलासुरला कीसही सगळीकडे पोचवला. बिल लाखाच्या वर. विम्यात हे बसत नाही म्हणे.

मुलगा एकोणीस वर्षांचा, कामाला लागून चार दिवस झालेले. दादाला म्हणाला, "दादा, चुकलं माझं, पण पगारातनं एवढं कापलं तर वर्षभर घरी काय देऊ?" पंपमालक सगळं त्याच्याच पगारातून कापायला निघाला होता. दादा तसा रागीट माणूस. पण त्याने पंपमालकाला विचारलं, "चार दिवसांच्या पोराला एकट्याला दोन नोझलवर उभं कुणी केलं?" शेवटी अर्धं पंपाने दिलं, अर्धं दादाने सोसलं, मुलाचा पगार वाचला. मला विचाराल तर त्या दिवशी दादाने इतिहासाची एकही ओळ न वाचता बरोबर निकाल दिला.

तर मंडळी, तुमच्यावर वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा. पंपावरच कळलं तर चावी फिरवू नका. नव्या गाड्यांत नुसती चावी दिली तरी टाकीतला पंप चालू होऊन इंधन पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाजूला घ्या. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर बदला, नवं डिझेल भरा, हवा काढा, मगच सेल्फ मारा. एवढ्यावर बहुतेकदा निभावतं. चालत्या गाडीत कळलं तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. टाकी उपसायचं काम घरी करू नका, थोडंसं पेट्रोल मिसळलं तरी ते डिझेल पेट्रोलसारखंच भडकू शकतं.

रुडॉल्फ डिझेल १९१३ च्या सप्टेंबरमध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. कर्जात बुडालेला होता. त्याच्या इंजिनावर पुढे अर्धं जग चाललं. आता बऱ्याच देशांत ते हळूहळू मागे पडतंय आणि पुढच्या पिढीला कदाचित ही चूक करताही येणार नाही. चार्जिंगचे निरनिराळे प्लग एकमेकांत बसत नाहीत, म्हणजे या वेळी दाराचा विचार आधी झालाय असं दिसतं. पण आपल्या ट्रकांना अजून बरीच वर्षं डिझेल लागणार आहे, आणि ते भरायला कुणीतरी चार दिवसांचं पोरगं उभं असणार आहे. झिरो बघताना नोझलकडेही बघा. आणि त्या पोराला "डिझेल" असं मोठ्याने, दोनदा सांगा.